एक्कावन्न टक्के कॉफी

वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे मी पुडीवरचा मजकूरही ताळेबंदासारखा वाचतो. परवा घरच्या कॉफीच्या पुडीवर वाचलं : कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७. कायदा म्हणतो, अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी. म्हणजे कंपनी कॉफीच्या मालकीची, पण कारभार चिकोरी नावाच्या मुळीच्या हाती! त्यात आमची सौ. दूध, साखर आणि जायफळ घालते. वीस वर्षं मी जिची तारीफ केली, ती बहुधा जायफळाची.

मग चिरंजीवांनी चिकमगळूरच्या बियांची पुडी आणली. थोडं थोडं भाजून विकणाऱ्याकडची. वर भाजल्याची तारीख! भाजलेली बी दिवसागणिक वास गमावते, दळली की फारच झपाट्यानं. म्हणून हा खटाटोप. बिनदुधाची प्यालो. पहिला घोट कडू, दुसरा आंबट, तिसऱ्याला संत्र्याच्या सालीची आठवण. पुढच्या पुडीत ती आठवण नव्हती.

कारखान्याची कॉफी म्हणजे रबरी शिक्का. नाशिकला उठवा, नागपूरला उठवा, अक्षर तेच. त्यासाठी निरनिराळ्या बिया मिसळून चव जुळवतात. वेगळेपणा तिथं खोट ठरतो. लहान घाण्याची कॉफी म्हणजे सही. दर वेळी थोडी हलते, पण माणसाची असते. महाग आहे, कबूल. पण बँकेत बावीस वर्षं काढल्यावर एवढं कळतं, की नुसत्या शिक्क्यावर चेक वटत नाही.

सौ.ला हे सगळं ऐकवलं.

"बरं. मग जायफळ घालू की नको?"

"घाल," मी म्हणालो, "ती तुझी सही आहे."