सरोवराची प्रदक्षिणा

पायीं प्रवासाचें वाङ्मय मराठींत थोडें नाहीं. परंतु त्यास कोणती कसोटी लावावी याचा विचार फारसा झालेला दिसत नाहीं. भाषा रसाळ असली, वर्णनें चित्रमय असलीं आणि लेखकाच्या मनाची हुरहूर मधूनमधून उमटली, म्हणजे पुस्तक चांगलें म्हणून आपण मोकळे होतों. ही कसोटी अपुरी आहे असें मला वाटूं लागलें तें एका विद्यार्थ्याच्या निबंधामुळें; आणि तो निबंध मीच नापसंत केला होता, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

लातुरास मी इंग्रजी वाङ्मय शिकवितों. २०१६ च्या उन्हाळ्यांत मांजरा धरण आटलें. टाक्यांभोंवतीं जमाव होऊं नये म्हणून शहरांत १४४ वें कलम लावावें लागलें, आणि एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आलें; पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारें पांच लाख लिटर. पुढल्या वर्षीं वर्गास मीं 'तळ्याकांठचा फेरफटका' हा विषय दिला. ज्यांनीं रांगेंत घागरी धरल्या होत्या त्याच मुलांनीं आरशासारखें पाणी, हंसांच्या जोड्या आणि धुक्याचा पदर यांनीं वह्या भरल्या. एकानें मात्र लिहिलें होतें कीं, गांवच्या तळ्यास वळसा घालून शाळेस जावें लागे; तळें आटलें त्या वर्षीं मुलें मधूनच जाऊं लागलीं आणि शाळा जवळ आली. पुढें हंस नव्हते, धुकें नव्हतें. मीं समासांत 'विषयांतर' असें लिहिलें आणि गुण कापले.

आज वाटतें कीं, विषयाला धरून असलेला निबंध तो एकच होता. पाणी असतें म्हणून वाट वळते. पाणी गेलें कीं वाट सरळ होते, आणि त्या सरळपणासारखी भयंकर गोष्ट दुसरी नाहीं. सरोवराभोंवतीं चालणाऱ्यानें लिहिलेल्या प्रत्येक पुस्तकास हा प्रश्न विचारतां येतो: याच्या लेखनांत पाण्यामुळें वाट वळली आहे काय? कीं लेखक मनानें मधूनच चालत गेला आहे?

आपल्या भाषेंत या गोष्टीस शब्द आहे. प्रदक्षिणा म्हणजे पूज्य वस्तु उजव्या हातास ठेवून तिच्याभोंवतीं फिरणें. चालणारा कडेला आणि वस्तु मध्यें, हा त्यांतील नियम. अमेरिकेंत टाहो सरोवराभोंवतालच्या डोंगरकड्यांवरून सुमारें १६५ मैलांची पायवाट २००१ सालीं पुरी झाली. तिच्यावरून चालणारा मनुष्य देवभोळा असो वा नसो, जेथून निघाला तेथेंच परत येतो; पाण्याजवळ पोंचणें हा त्याच्या प्रवासाचा शेवट नव्हे.

आम्हां इंग्रजी शिकलेल्यांच्या सरोवरवर्णनांचें मूळ वर्डस्वर्थमध्यें आहे. १८१० मध्यें त्यानें कोरीव चित्रांच्या एका संग्रहास जोड म्हणून नांव न देतां एक लेख लिहिला. तोच वाढत वाढत १८३५ पर्यंत सरोवरप्रदेशाची सुप्रसिद्ध मार्गदर्शिका झाला. तेथील घरें त्याच दगडांतून उगवल्यासारखीं कां दिसतात, परक्या वृक्षांच्या लागवडीनें आणि पांढऱ्याफेक रंगानें डोंगर कसे विटतात, हें त्यानें मार्मिकपणें सांगितलें आहे. परंतु तो प्रदेश समजावून देतांना तो वाचकास उंच शिखरांमध्यें तरंगणाऱ्या ढगावर उभा करतो, आणि दऱ्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सभोंवार पसरलेल्या दाखवितो. पाहणारा तुंब्यावर, सरोवरें आऱ्यांवर. प्रदक्षिणेचा मनुष्य धांवेवर असतो. या एका जागेच्या फरकानें सारें वाङ्मय बदलतें. त्याच प्रदेशांतील थर्लमियर सरोवराचें पाणी मँचेस्टरला नेण्याचा कायदा १८७९ सालीं झाला, आणि १८९४ सालीं तें सुमारें ९६ मैलांवरून त्या शहरांत पोंचलें. ढगावरून दिसणाऱ्या पाण्याला पिणारे असतात, हें मार्गदर्शिका वाचून कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

दुसऱ्या टोकास महानुभावांची 'स्थानपोथी' आहे. चक्रधर जेथें जेथें राहिले, बसले, हिंडले, तीं स्थानें तीत नोंदविलीं आहेत: गांव कोणतें, देऊळ कोणत्या दिशेस, दार कोणीकडे. लोणारच्या खाऱ्या सरोवराकांठचें त्यांचें वास्तव्य 'लीळाचरित्रा'सही ठाऊक आहे. रसिकास ही पोथी रुक्ष वाटेल; मलाही वाटली होती. परंतु लिहिणारा स्वतःविषयीं अक्षर बोलत नाहीं; मागून येणाऱ्यास नेमक्या जागीं मस्तक टेकतां यावें एवढीच त्याला काळजी. मध्यभाग कोणाचा, याविषयीं त्याच्या मनांत संशय नाहीं.

गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या दोहोंच्या मध्यें उभी आहे. नर्मदा ओलांडावयाची नाहीं, हा परिक्रमेचा नियम. त्यामुळें अडीच हजार किलोमीटरांहून अधिक चाल पडते. जेथें हा नियम पायांस जाणवतो, समोरचा कांठ दिसतो पण जातां येत नाहीं, तेथें ही कादंबरी श्रेष्ठ आहे. जेथें तरुण नायकाचें दुःख मध्यभागीं येऊन बसतें आणि नदी त्याच्या मागचा पडदा होते, तेथें भाषा गोड राहूनही पुस्तक उणावतें.

कोणी म्हणेल, हा तहानेचा हिशेब वाङ्मयांत कशाला? आक्षेप योग्य आहे. उपयुक्तता ही साहित्याची कसोटी नव्हे. परंतु मी उपयोग मागत नाहीं, आकार मागतों. पाण्याचा मान राखणारें वाक्य वळसा घेतें, थांबतें, कांठावरच्या माणसास वाट देतें. आरशासारख्या पाण्याचें वाक्य कोठल्याही तळ्यावर चिकटवितां येतें, आटलेल्यावरसुद्धां.

नांदेड जिल्ह्यांत कंधार येथें राष्ट्रकूटांच्या काळचा जगत्तुंग सागर आहे; तिसऱ्या गोविंदाच्या बिरुदाचें नांव तो हजार वर्षांहून अधिक काळ वागवीत आहे. मागल्या हिंवाळ्यांत मी त्याच्या कांठानें चाललों. सवयीनें पहिलें वाक्य सुचलें तें वर्डस्वर्थच्या शिष्याचें. तें मीं वहींत लिहिलें नाहीं. पुढें एका ठिकाणीं चिखल लागला म्हणून बराच वळसा घ्यावा लागला, आणि त्या वळशाची नोंद मात्र केली. तिच्यांत वाङ्मय कितपत आहे हें मी सांगूं शकत नाहीं. त्या विद्यार्थ्याची वही आतां माझ्यापाशीं नाहीं, कापलेले गुण परत देतां येत नाहींत. मराठवाड्यांतील तळ्यांवरचें पहिलें चांगलें पुस्तक त्याच्यासारखाच कोणी लिहील, असा माझा समज आहे. तें हातीं येईल तेव्हां आम्हीं प्राध्यापकांनीं समासांत काय लिहावयाचें तें जपून लिहावें.