शाळेची हद्द कुठे संपते? – डेव्हिड टायॅक यांच्या ‘द वन बेस्ट सिस्टिम’विषयी

आपल्यापैकी बऱ्याच जणांचं कुणी ना कुणी अमेरिकेत आहे. ते घर घ्यायला निघाले की पहिला प्रश्न कोणता विचारतात? ‘स्कूल डिस्ट्रिक्ट कुठलं?’ रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे सारखीच घरं असतात, पण मधून डिस्ट्रिक्टची हद्द गेली असेल तर किंमत बदलते. शाळा तर सरकारी आणि फुकट आहे. मग असं का? हा प्रश्न मनात ठेवून आज एका पुस्तकाकडे पाहू.

डेव्हिड टायॅक हे स्टॅनफर्डचे इतिहासकार. त्यांचं ‘द वन बेस्ट सिस्टिम’ १९७४ साली आलं. अमेरिकन शहरांतल्या सार्वजनिक शाळांचा हा इतिहास आजही पहिल्यांदा हातात घ्यावा असाच आहे. शहरं वाढली, मुलं वाढली आणि गावच्या एकखोली शाळेच्या जागी एक यंत्रणा उभी राहिली, ती कशी, हे टायॅक दाखवतात. १८४०च्या दशकाच्या शेवटी बॉस्टनला क्विन्सी स्कूल उभं राहिलं. प्रत्येक इयत्तेला वेगळी खोली, प्रत्येक खोलीत एक शिक्षक आणि ५६ मुलांची सोय. आज आपल्याला यात नवीन काहीच वाटणार नाही, पण तेव्हा ती मोठी गोष्ट होती.

पुस्तकाचं खरं बळ पुढे आहे, सत्ता कशी सरकली ते सांगण्यात. १९०५ साली फिलाडेल्फियात ४३ निवडून आलेली स्थानिक शाळा-मंडळं होती आणि त्यांचे ५५९ सदस्य होते. सुधारक म्हणाले, हा वॉर्डातल्या पुढाऱ्यांचा बाजार आहे. शाळा राजकारणापासून वेगळी करा, तज्ज्ञांच्या हाती द्या. त्याप्रमाणे मंडळं लहान झाली. मोठ्या शहरांत मध्यवर्ती मंडळाचे १८९३ साली सरासरी २१.५ सदस्य होते, ते १९१३ साली १०.२ झाले. टायॅक म्हणतात, राजकारण गेलं नाही, फक्त त्यातली माणसं बदलली. कसबी कामगार आणि छोटे दुकानदार बाहेर गेले, उद्योजक आणि व्यावसायिक आत आले. हे निदान मला पूर्ण पटतं.

पण इथेच माझा आक्षेपही सुरू होतो. संपूर्ण पुस्तक एकच प्रश्न धरून चालतं : शहरातली शाळा कोण चालवतं? मुळात ‘शहर’ कुठे संपतं आणि पैसा कुठून येतो, हे अधूनमधून येतं, पण कथेच्या मध्यभागी येत नाही.

किल्ली खरं तर पुस्तकातच आहे. शिकागोच्या मार्गारेट हेली यांच्याबद्दल टायॅक आदराने लिहितात. १८९७ साली स्थापन झालेल्या तिथल्या शिक्षक संघटनेच्या त्या पुढारी. पगारवाढ द्यायला पैसे नाहीत असं सांगितल्यावर या बायकांनी कराचे कागद उघडले. मोठ्या सार्वजनिक सेवा कंपन्या आपल्या परवान्यांवरचा कर भरतच नव्हत्या! त्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. मंडळावर कोण बसलंय यापेक्षा तिजोरीत काय येतं, हे त्यांनी आधी पाहिलं.

आता पुस्तकाच्या आसपासचे दोन निकाल बघा. १९७३ साली सॅन अँटोनिओच्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागला. एजवूड या गरीब, मुख्यतः मेक्सिकन-अमेरिकन डिस्ट्रिक्टमध्ये घरपट्टीचा दर होता १०० डॉलरमागे १.०५ डॉलर, तर श्रीमंत अलामो हाइट्समध्ये ०.८५. म्हणजे गरीब जास्त दराने कर भरत होते. तरीही सगळं मिळून दर मुलामागे खर्च एजवूडमध्ये ३५६ डॉलर, अलामो हाइट्समध्ये ५९४! ५ विरुद्ध ४ मतांनी न्यायालयाने यात राज्यघटनेचा भंग नाही असं ठरवलं. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटचा निकाल आला. गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा एकत्र करायच्या तर शहरात पुरेशी गोरी मुलं उरली नव्हती. म्हणून खालच्या न्यायालयाने उपनगरांतले ५३ डिस्ट्रिक्ट योजनेत घेतले होते. पुन्हा ५ विरुद्ध ४. उपनगरांचा दोष सिद्ध झाल्याशिवाय हद्द ओलांडता येणार नाही, असं ठरलं. १९५४चा ब्राउन खटला वकील म्हणून लढलेले थर्गुड मार्शल आता न्यायाधीश होते, आणि ते विरोधात राहिले.

डेट्रॉइटचा निकाल पुस्तकाच्याच वर्षीचा, त्यामुळे तो त्यात नाही हा टायॅक यांचा दोष नव्हे. पण ती रेषा एका दिवसात आखली गेली नव्हती. ज्या शतकात शहराच्या आतली व्यवस्था ‘एक’ होत होती, त्याच शतकात बाहेर वेगवेगळी कुंपणं उभी राहत होती. एकीचा इतिहास कुंपणाशिवाय सांगितला तर वाचकाला वाटतं, कारभार सुधारला की शाळा सुधारेल. डेट्रॉइटच्या मुलांच्या बाबतीत ते पुरेसं नव्हतं.

म्हणून माझी विनंती अशी : हे पुस्तक जरूर वाचा, पण शेजारी शहराचा नकाशा ठेवा. आणि तिकडच्या आपल्या माणसांनी घर बघताना ‘डिस्ट्रिक्ट चांगलंय’ म्हटलं, तर हद्दीपलीकडच्या शाळेचीही चौकशी करा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.