‘कॅम्प’ शब्दाचा मुक्काम

परभाषेंतील शब्दाला एक प्रतिशब्द दिला म्हणजे त्याचा निकाल लागला, अशी आपल्याकडे समजूत आहे. ‘कॅम्प’ म्हणजे ‘छावणी’ किंवा ‘शिबिर’, असें शाळेंत एकदां पाठ झालें कीं पुढें कोणी त्याची चौकशी करीत नाहीं. परंतु वाचकांनीं कल्याणहून कर्जतच्या बाजूस जाणाऱ्या गाडींत बसून पुढच्याच विठ्ठलवाडी स्थानकावर उतरावें आणि कोणासहि पत्ता विचारावा. ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ अशीं उत्तरें मिळतील. तेथें ना तंबू, ना पहारा, ना शिबिरार्थी. दुकानें, कारखाने, शाळा आणि तीन-चार पिढ्यांचा संसार मात्र आहे. याला छावणी म्हणावें तर तें खोटें ठरेल, आणि शिबिर म्हणावें तर हास्यास्पद.

शब्दाचें मूळ पाहूं गेल्यास तें लॅटिन ‘कॅम्पस’ या शब्दांत सांपडतें. त्याचा अर्थ सपाट मोकळें मैदान, एवढाच. रोममध्यें मार्स या युद्धदेवाच्या नांवाचें असें एक मैदान होतें. तेथें सैन्याची कवाईत चाले आणि निवडणुकाहि होत. जर्मन कुळांतील भाषांनीं हा शब्द उचलला तेव्हां मैदान मागें पडून ‘लढाई’ हा अर्थ पुढें आला. जर्मन ‘काम्फ’ तो हाच. जुन्या इंग्रजींतहि ‘कॅम्प’ म्हणजे लढाई असा अर्थ होता. तो कालांतरानें लोपला. पुढें सोळाव्या शतकांत तोच शब्द फ्रेंचांकडून पुन्हां इंग्रजींत आला, तो ‘सैन्याचा तळ’ हा अर्थ घेऊन. त्याचें गोत मोठें आहे. ‘कॅम्पेन’ म्हणजे आधीं उघडा मुलूख, मग त्या मुलखांतील मोहीम, आणि आतां निवडणुकीचा प्रचार. ‘चॅम्पियन’ म्हणजे मैदानांत उतरलेला वीर. कॉलेजचें ‘कॅम्पस’ तर मूळ शब्दच होय. ‘कंपनी’ मात्र या कुळांतील नव्हे. तिच्या पोटांत लॅटिन ‘पानिस’ म्हणजे भाकरी आहे, आणि एकत्र भाकरी खाणारे सोबती हा तिचा मूळ अर्थ. नाटकी, नखरेल वागण्यास इंग्रजींत ‘कॅम्प’ म्हणतात, व सूझन सॉन्टॅग यांनीं १९६४ मध्यें त्यावर निबंधहि लिहिला. परंतु तो शब्द याच मुळाचा कीं दुसऱ्या, यावर विद्वानांचें एकमत नाहीं.

मराठीनें या शब्दासाठीं इंग्रजी राज्याची वाट पाहिली नाहीं. महादजी शिंद्यांनीं १७८४ मध्यें द बॉयन या सरदारास चाकरीस ठेवून युरोपीय धर्तीच्या पलटणी उभारल्या. अशा कवायती फौजेस ‘कंपू’ म्हणत. हा शब्द पोर्तुगीज ‘कांपो’वरून आला असावा, असा कोशकारांचा कल आहे. त्या फौजा इतिहासजमा झाल्या, पण कंपू टिकला. एकमेकांचीं पुस्तकें वाखाणणाऱ्या टोळक्याला आज आपण तेंच नांव देतों. तोफा गेल्या, शिस्त गेली, गटाचा अभिमान तेवढा उरला!

उरलेले अर्थ मराठीनें आपल्या शब्दांत वांटून टाकले आहेत. दुष्काळांत गुरांसाठीं उघडते ती छावणी. रक्तदानाचें होतें तें शिबिर. पालखीचा पडतो तो मुक्काम. राजकारणांत प्रतिपक्षाचा असतो तो गोट. यांतील एकहि शब्द दुसऱ्याच्या जागीं बसत नाहीं. मग एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द लावण्याचा हट्ट कशासाठीं?

आतां विठ्ठलवाडीकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठीं लष्करी कॅम्प उभारला होता. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वस्तीस उल्हास नदीवरून ‘उल्हासनगर’ हें नांव मिळालें. कागदोपत्रीं नगर झालें, लोकांच्या तोंडीं पांच कॅम्प राहिले. ज्या शब्दाच्या अंगीं तात्पुरतेपणा मुरलेला, तोच कायमचा पत्ता झाला. लष्करी तळाचें शहर होणें आपल्याला नवें नाहीं. दौलतराव शिंद्यांच्या तळाचें ग्वाल्हेरच्या किल्ल्याखालीं लष्कर नांवाचें शहर झालें. पुण्याच्या लष्कर भागालाहि लोक कॅम्प म्हणतात. पण त्या वस्त्यांना तळाचें नांव चिकटलें तें सत्तेच्या मागोमाग. येथें तें चिकटलें बेघरपणाच्या मागोमाग. हा भेद लहान नाहीं.

म्हणूनच हा शब्द कोण उच्चारतो, याला महत्त्व आहे. रहिवासी ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतो तेव्हां तो आपलें घर सांगतो. बाहेरचा मनुष्य नाक मुरडून ‘ते कॅम्पवाले’ म्हणतो तेव्हां तो सुचवितो कीं, तुम्ही अजून पाहुणेच आहांत. शब्द एक, पण पहिल्यांत मालकी आहे आणि दुसऱ्यांत हाकलणें आहे. भाषाशुद्धीच्या भरांत ‘छावणी क्रमांक चार’ असें भाषांतर सुचविणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. त्यांचा हेतु चांगला असेल. पण त्यायोगें भिंतींत राहणाऱ्या माणसांना आपण पुन्हां तंबूंत पाठवूं.

आमचें मत असें कीं, कोशकारांनीं ‘कॅम्प’ या नोंदींत ‘तळ’ व ‘छावणी’ यांच्या खालीं तिसरा अर्थ निःसंकोचपणें घालावा : ‘वस्ती, शहराचा भाग’. विठ्ठलवाडीतल्या ‘वाडी’चेंच उदाहरण घ्या. तिच्या मुळाशीं कुंपण घातलेली जागा हा अर्थ आहे. पण तेथें उतरणारा कोणी कुंपण कोठें आहे असें विचारीत नाहीं. कॅम्पांत राहणाऱ्यासहि तंबू कोठें आहे असें आपण विचारूं नये.