झोळीवाल्याची संहिता

१ जुलै २०१८ हा राईनपाड्याच्या आठवडे बाजाराचा दिवस होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील या गावात त्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी उतरले. पोटासाठी सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडून निघालेली ही माणसे. मुले पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते. पुरावा एवढाच, की तशी अफवा मोबाइलवर फिरत होती.

या हत्याकांडावर पुष्कळ लिहिले गेले. बहुतेकांचे निदान एकच : अडाण्याच्या हाती यंत्र आले आणि अनर्थ झाला. मला हे निदान अपुरे वाटते, आणि सोयीचेही. अफवा हीसुद्धा एक संहिता आहे. कवितेची चिरफाड करणाऱ्या आमच्या समीक्षकांनी तिच्याकडे पाहिलेच नाही.

या संहितेतल्या खलनायकाला नाव नाही, गाव नाही. तो परका आहे, कपडे मळके आहेत, बोली वेगळी आहे, खांद्याला झोळी आहे. हे चित्र व्हॉट्सअॅपने काढले काय? 'गप बस, नाहीतर झोळीवाला घेऊन जाईल' हे वाक्य मराठी घरात पिढ्यान् पिढ्या बोलले गेले. पुढे इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, परंतु गावाच्या नजरेतून तो गेला नाही. संदेश नवा होता, वाचक मात्र आधीच तयार होता.

त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत तर मुळात बालरक्षणासाठीच कराचीत बनवलेली होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात आणि शेवटी परत आणून सोडतात. मूल हरवणे किती सोपे आहे हे त्यातून दाखवायचे होते. कोणीतरी शेवट कापला. उरलेल्या तुकड्याने माणसे मारली. संपादन म्हणजे काय, हे याहून भयंकर उदाहरणाने कोणी शिकवले नसेल.

'उपरा' १९८० साली आले, 'उचल्या' १९८७ साली. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, दोन्ही अभ्यासक्रमात गेली. झोळीमागच्या माणसाला तोंड देणारी ही पुस्तके आम्ही परीक्षेच्या टिपणांत कोंबली. साक्रीच्या बाजारापर्यंत त्यांतले काय पोहोचले?

एक गोष्ट चळवळीला अवघड जाईल, तरी बोललीच पाहिजे. राईनपाडा हे आदिवासी वस्तीचे गाव. मारणारे आणि मरणारे, दोघेही व्यवस्थेने बाहेर टाकलेलेच. आपली मुले जपण्याची त्यांची भीती खरी होती. प्रस्थापितांकडे बोट दाखवून आपण येथे सुटत नाही. आणि मरणाऱ्यांनाही मुले होती, हे त्या खोलीत कोणाच्या मनात आले नाही. त्याच रात्री मालेगावात अशाच जमावापुढे एक कुटुंब सापडले. त्यात दोन वर्षांचे मूल होते! काही स्थानिक माणसे मध्ये पडली, पोलीस आले, म्हणून ते जगले. त्यांच्याही मोबाइलवर तीच अफवा आलेली असणार.

जुलै २०१८ मध्येच कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाच जणांनाच पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. ठीक आहे. पण १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा चालक चोर-पोरधरीच्याच अफवेने मारले गेले. तेव्हा देश हलला, हलायलाच हवा होता. भिक्षेकऱ्यांसाठी तो इतका हलला नाही. भगव्या कफनीतही झोळीची प्रतवारी असते, असे दिसते.

आमच्या भुसावळ जंक्शनवर बोचकी आणि कडेवर पोरे घेऊन अशी कुटुंबे उतरतात. 'अनोळखी माणसापासून सावध राहा' असे आपण शिक्षक वर्गात सांगतो, सांगावेही लागते. पण त्या वर्गात पालावरचे एखादे मूल बसलेले असले, तर हे वाक्य ते कोणाविषयी ऐकत असेल?