घोड्याचं गजकर्ण बरं झालं, पण कशामुळे?

कुशिंग (पीपीआयडी) झालेला म्हातारा घोडा, अंगावर गजकर्णाचे चट्टे. पर्गोलाइड सुरू केलं, वाढलेले केस कातरले, मायकोनाझोल-क्लोरहेक्सिडिनने अंग धुतलं. काही आठवड्यांत कातडी साफ. निष्कर्ष: 'उपचार यशस्वी'. अशा एका घोड्यावरच्या केस रिपोर्टबद्दल माझे तीन आक्षेप आहेत.

एक, ट्रायकोफायटॉन इक्विनमचं गजकर्ण निरोगी घोड्यात बहुधा काही महिन्यांत आपोआप जातं. कुशिंगमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडते, म्हणून ते रेंगाळू शकतं. पण तुलनेला दुसरा गटच नसेल, तर श्रेय औषधाचं की काळाचं? दोन, तीन गोष्टी एकदम बदलल्या, मग काम कोणी केलं? तीन, केस उगवले म्हणजे बुरशी गेली असं नाही. शेवटी कल्चर केलं का, ते आधी बघा.

डॉक्टरांनी सगळं एकदम केलं ते बरोबरच, घोडा आधी. चूक उपचारात नाही, निष्कर्षाच्या वाक्यात आहे.

आणि हा नुसता कागदी वाद नाही. समजा, आमच्या करडीकडे वरातीच्या घोडीला कोणी मेडिकलमधली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावली. लाली उतरली की तोही म्हणणार, 'गुण आला'. खरं तर स्टेरॉइडने फक्त दाह दबतो, बुरशीला मोकळं रान मिळतं. कुशिंगच्या घोड्यात तर कॉर्टिसॉलचा त्रास आधीच असू शकतो. तेच खरारे, तेच खोगीर दुसऱ्या घोड्यावर गेलं की बुरशीही जाते, हाताळणाऱ्या माणसालाही लागते.

म्हणून पेपर वाचताना आधी विचारा: काहीच केलं नसतं तर काय झालं असतं?