दोषसंदेशांचे गद्य : मुक्तस्रोत प्रणालीतील सूत्र, भाष्य आणि प्रमाण

१

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची महती सांगताना बहुधा त्याच्या परवान्याचाच विचार केला जातो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नेल लोकांपुढे ठेवले आणि १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी डेबियनचा आरंभ केला. या तीन प्रयत्नांच्या संगमातून आजच्या डेबियनसारख्या ऑपरेटिंग सिस्टीम सिद्ध झाल्या. स्टॉलमनप्रणीत विचारसरणीत वापरकर्त्याला चार स्वातंत्र्ये दिलेली आहेत : आज्ञावली चालविण्याचे, तिचा अभ्यास करून ती बदलण्याचे, तिच्या प्रती वाटण्याचे आणि सुधारलेल्या प्रतीही वाटण्याचे. यांपैकी दुसरे स्वातंत्र्य हे मूलतः वाचनाचे स्वातंत्र्य होय. परंतु परवाना हा केवळ वाचण्याचा अधिकार देतो. वाचनीयता देत नाही. ती या प्रणालीसाठी लिहिल्या गेलेल्या गद्यावर अवलंबून असते.

हे गद्य चार प्रकारचे आहे : कॉन्फिगरेशन-फाइली व त्यांतील टिपा, प्रणालीने लिहिलेल्या नोंदी, बिघाडाच्या क्षणी उमटणारे दोषसंदेश आणि मार्गदर्शनपर पुस्तिका. यंत्र सुरळीत चालत असताना यांतील एक ओळही कोणी वाचत नाही; बिघाड झाला म्हणजे मात्र वाचकाचे सर्व काम या ओळींवर अडून राहते. म्हणूनच या गद्याची चिकित्सा केवळ तंत्रज्ञांवर सोपवून भागणार नाही. विधान कशाविषयी आहे, ते कोणत्या आधारावर केले आहे आणि त्यावरून कारणापर्यंत पोहोचता येते की नाही, हे तीन प्रश्न भाषेच्या अभ्यासकाच्या नित्य परिचयाचे आहेत. ते या गद्याला विचारले असता त्याचे गुणदोष पुष्कळच स्पष्ट होतात.

२

प्रथम कॉन्फिगरेशन-फाइलीचा विचार करू जाता, तिचे सूत्रवाङ्मयाशी असलेले साम्य लक्षात येते. उदाहरणार्थ, कोणत्या डिस्कचा कोणता भाग कोठे जोडावयाचा हे सांगणारी एफएसटॅब ही फाइल घ्यावी. तिच्या प्रत्येक ओळीत सहा पदे असतात : उपकरणाची ओळख, जोडणीचे स्थान, फाइलव्यवस्थेचा प्रकार, पर्याय आणि शेवटी दोन अंक. अल्पाक्षरत्व हा सूत्राचा गुण येथे पुरेपूर आहे; असंदिग्धता मात्र भाष्यावाचून येत नाही. डेबियनचा प्रतिष्ठापक ही फाइल तयार करताना हे भाष्य टिपांच्या रूपाने स्वतःच लिहून ठेवतो. अमुक भाग प्रतिष्ठापनेच्या वेळी अमुक नावाच्या डिस्कवर होता, असे एक टीप सांगते. डिस्का जोडल्या वा काढल्या तरी टिकावी अशी ओळख म्हणून यूयूआयडी हा ओळखक्रमांक वापरता येतो, असे दुसरी टीप सांगते. पहिली टीप इतिहास देते, दुसरी कारण देते. चांगल्या भाष्याकडून याहून अधिक अपेक्षा सहसा केली जात नाही.

तथापि या दुसऱ्या टिपेत एक उणीव आहे. एखाद्या प्रयोगशाळेतील संगणकामधून दुसरी डिस्क काढून नेली आणि एफएसटॅबमधील तिची ओळ तशीच राहिली, तर पुढच्या वेळी प्रणाली सुरू होताना त्या डिस्कची वाट पाहत सामान्यतः ९० सेकंद थांबते आणि नंतर आणीबाणीच्या अवस्थेत जाते. पडद्यावर नेहमीचे चित्र न येता केवळ अक्षरे उमटतात. टिपेतील विधान असत्य नव्हते; डिस्का काढल्यावर टिकून राहते ती ओळख, असे ती सांगत होती. परंतु डिस्क काढल्याने काही बिघडत नाही, असा अर्थ नवख्या वाचकाने त्यावरून घेतला तर त्याला दोष देता येणार नाही. गैरहजर डिस्कमुळे प्रणाली अडून राहू नये यासाठी ‘नोफेल’ हा पर्याय त्याच ओळीच्या चौथ्या पदात लिहावा लागतो, आणि टीप त्याविषयी मौन पाळते. भाष्यकार नेमका जेथे थांबतो तेथेच अडचण सुरू व्हावी, हा अनुभव जुन्या ग्रंथांच्या वाचकालाही नवा नाही.

३

आता नोंदींकडे वळावे. वरील बिघाडाची नोंद पाहिली तर तीत घटनांची एक साखळी दिसते. अमुक उपकरणाची प्रतीक्षा संपली, हे पहिले विधान. म्हणून त्याची जोडणी झाली नाही; म्हणून स्थानिक फाइलव्यवस्था सिद्ध झाल्या नाहीत; म्हणून आणीबाणीची अवस्था सुरू झाली. येथे कारण आरंभी आहे आणि परिणाम शेवटी. नवखा वाचक मात्र शेवटची, सर्वांत ठळक दिसणारी ओळ वाचतो आणि तिच्यावरच उपाय शोधू लागतो. दोषनिवारणाचे बरेचसे कौशल्य या उलट्या वाचनात, म्हणजे परिणामाकडून कारणाकडे ओळ-ओळ मागे जाण्यात आहे. पूर्वापरसंबंध न पाहता अंतिम वाक्यावर टीका करणारा समीक्षक आणि शेवटच्या ओळीवर उपाय करणारा तंत्रज्ञ यांची चूक एकाच जातीची असते.

नोंदगद्याचा उत्तम नमुना म्हणून एक्स-ऑर्ग या चित्रप्रणालीच्या लॉगचा उल्लेख करावा लागेल. या लॉगच्या आरंभीच चिन्हांची सूची दिलेली असते आणि पुढील बहुतेक विधानांना त्यांतील एखादे चिन्ह जोडलेले असते. दोन आडव्या रेघांचा अर्थ ही गोष्ट यंत्राची तपासणी करून कळली. दोन तारकांचा अर्थ ती कॉन्फिगरेशन-फाइलीतून आली. बरोबरीच्या दोन चिन्हांचा अर्थ ते मूळचे गृहीतक होय. अधिकाची दोन चिन्हे असतील तर ती आज्ञेच्या ओळीतून आली. सूचना, इशारा व दोष यांनाही स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘पडद्याची रुंदी इतकी आहे’ एवढे विधान करून हा लॉग थांबत नाही. हे ज्ञान कोणत्या प्रमाणाने झाले तेही तो सांगतो. प्रत्यक्षाने कळले, कोणाच्या शब्दावरून मानले की केवळ गृहीत धरले, हा भेद नैयायिकांनी ज्या आग्रहाने जपला तोच येथे दोन-दोन अक्षरांत जपलेला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या, १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत तळटीपांचे जे काम आहे, ते या चिन्हांचे येथे आहे : वाचकाला निष्कर्ष देतानाच तो तपासण्याचे साधनही हाती द्यावयाचे. पडदा चुकीच्या आकारात दिसत असेल आणि त्या ओळीपुढे तारका असतील, तर दोष यंत्राचा नसून कोणी तरी पूर्वी लिहून ठेवलेल्या वाक्याचा आहे, हे तत्काळ कळते.

४

दोषसंदेश या प्रकारात मात्र इतके समाधान नाही. या परंपरेत संक्षेपाचे वेड फार जुने आहे. केन टॉमसन यांचा ‘एड’ हा संपादक चूक झाली म्हणजे केवळ एक प्रश्नचिन्ह छापीत असे. त्या काळच्या दूरमुद्रकाचा वेग सेकंदाला सुमारे १० अक्षरांचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या संक्षेपाचे कारण समजते. पुढे त्याच संपादकात शेवटच्या चुकीचे स्पष्टीकरण मागण्याची आज्ञा आली; म्हणजे प्रश्नचिन्ह पुरेसे नाही हे कर्त्यांनीच मान्य केले. परंतु यंत्राचा वेग वाढला तरी संक्षेपाची सवय कायम राहिली.

या सवयीचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे ‘अशी फाइल किंवा निर्देशिका नाही’ या अर्थाचा सुप्रसिद्ध संदेश. वापरकर्ता एखादी आज्ञावली चालवू पाहतो, ती डोळ्यांसमोर निर्देशिकेत दिसत असते, आणि तरीही हे उत्तर येते. वस्तुस्थिती अशी असते की, ती आज्ञावली चालविण्यास आवश्यक असलेला भारक, म्हणजे तिला स्मृतीत आणून सुरू करणारी दुसरी फाइल, यंत्रावर नसतो. ६४ बिटांच्या प्रणालीवर ३२ बिटांची आज्ञावली आणली असता असे वारंवार घडते. येथे विधान खरे आहे, पण कोणती फाइल नाही हे पद लुप्त आहे, आणि संदेशाच्या आधी आज्ञावलीचे नाव छापलेले असल्यामुळे वाचक ते लुप्त पद चुकीच्या नावाने भरून काढतो. खऱ्या विधानातून असत्य बोध व्हावा याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. बॅश या आज्ञाकवचाच्या अलीकडील आवृत्त्यांत याच प्रसंगी ‘चालविता येत नाही : आवश्यक फाइल सापडली नाही’ अशा आशयाचा संदेश येतो. ही सुधारणा स्वागतार्ह होय, कारण गैरसमजाची वाट तिने बंद केली. परंतु त्या आवश्यक फाइलीचे नाव अद्यापही सांगितले जात नाही. अध्याहृत पद अध्याहृतच राहिले आहे.

५

पुस्तिकांच्या गद्यात दोन परस्परविरोधी परंपरा आढळतात. पहिली परंपरा बेल प्रयोगशाळेतील युनिक्सच्या हस्तपुस्तिकेची. तिची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ या दिनांकाची असून तिच्यात प्रत्येक आज्ञेच्या वर्णनाबरोबर तिच्यातील ज्ञात दोषांसाठीही वेगळी जागा राखलेली होती. कर्त्याने आपल्या कृतीतील उणिवा स्वतःच्याच ग्रंथात नोंदवाव्यात, हा प्रामाणिकपणा इतरत्र विरळा आढळतो. या परंपरेची मर्यादा तिच्या रचनेत आहे. प्रत्येक पान आज्ञेच्या नावाखाली लावलेले असते. ज्याला नाव ठाऊक आहे त्यालाच ते उघडते. बिघाडाच्या वेळी वाचकाजवळ लक्षण असते, नाव नसते. अमरकोशातील वर्गांसारखी विषयवार मांडणी त्याला हवी असते, आणि मिळतो तो वर्णानुक्रमाचा शब्दकोश. संक्षिप्त वर्णनांतून शब्द शोधून देणारी ‘अप्रोपोस’ ही आज्ञा ही उणीव काही अंशी भरून काढते, इतकेच.

दुसरी परंपरा आज्ञार्थी गद्याची. ‘ही ओळ लिहावी, ही आज्ञा द्यावी, यंत्र पुन्हा सुरू करावे’ अशी तिची धाटणी असते. घाईच्या वेळी तिचा उपयोग होतो हे नाकारता येत नाही. ज्याचे काम अडले आहे त्याला मीमांसा नको असते. परंतु कारण न सांगणारा विधी परिस्थिती बदलताच निरर्थक ठरतो. प्रणाली सुरू होण्याची अवस्था बदलण्यासाठी इनिटटॅब या फाइलीत फेरफार करावा, असे पूर्वीच्या अनेक मार्गदर्शिका सांगत. २०१० मध्ये सिस्टमडी ही नवी व्यवस्था आली आणि २०१५ मध्ये डेबियनच्या आठव्या आवृत्तीने ती मूलभूत म्हणून स्वीकारली. सिस्टमडी इनिटटॅब वाचीतच नाही. जुना विधी निष्ठेने पाळणाऱ्याला त्यामुळे ना यश मिळाले, ना दोषसंदेश. ज्याला ती फाइल कोण वाचते हे माहीत होते, तो एका प्रश्नात मार्गावर आला. ज्याला केवळ विधी ठाऊक होता, त्याच्या हाती काहीच राहिले नाही. बदलण्याचे स्वातंत्र्य अभ्यासाच्या स्वातंत्र्यावर उभे आहे ते या अर्थाने.

६

या सर्व विवेचनाचा मराठीशी निकटचा संबंध आहे. ग्नोम व केडीई या डेस्कटॉपांचे मराठी अनुवाद झालेले असून त्यांमागे स्वयंसेवकांचे मोठे परिश्रम आहेत. परंतु कर्नेलचे संदेश अनुवादित होण्याची व्यवस्थाच नाही. ते इंग्रजीतच उमटतात. परिणाम असा की, मेनू, बटणे आणि खिडक्यांची शीर्षके मराठीत बोलतात आणि संकटाच्या वेळी यंत्र भाषा बदलते. स्वस्थतेत मराठी व संकटात इंग्रजी अशी ही विभागणी आहे.

जेथे दोषसंदेशांचा अनुवाद होतो तेथेही व्याकरणाच्या अडचणी येतात. गेटटेक्स्ट या अनुवादयंत्रणेत मूळ वाक्यातील बदलते नाव एका रिकाम्या जागेने दर्शविलेले असते. इंग्रजीत तेथे कोणतेही नाम बसते. मराठीत त्या नामाला विभक्ती लागावयाची तर सामान्यरूप हवे, आणि क्रियापदाला लिंग हवे : फाइल उघडता आली नाही, पण उपकरण उघडता आले नाही. रिकाम्या जागेत काय येणार हे अनुवादकाला कळत नाही. नावापुढे ‘ही फाइल’ असे पद घालून पुष्कळदा वाट काढता येते. मात्र ते नाव फाइलीचेच आहे याची खात्री असावी लागते. मूळ संदेशातील लुप्त पद इंग्रजीत केवळ संदिग्धता निर्माण करते; मराठीत ते वाक्यच अशुद्ध करते. म्हणजे मराठी अनुवाद ही मूळ गद्याची कसोटी ठरते.

आणखी एक अडचण व्यवहाराची आहे. अनुवादित संदेशाविषयी साहाय्य शोधू जाता काही सापडत नाही, कारण सर्व चर्चा इंग्रजी शब्दांभोवती झालेली असते. म्हणून जाणकार मंडळी भाषा तात्पुरती इंग्रजी करून तोच संदेश पुन्हा काढावयास सांगतात. हा सल्ला व्यवहार्य आहे. परंतु त्याचा अर्थ असा होतो की, अनुवाद ज्याच्यासाठी केला त्यालाच तो गरजेच्या वेळी बाजूला सारावा लागतो.

या कोंडीतून निघण्याची एक वाट सिस्टमडीच्या नोंदव्यवस्थेत दिसते. तेथे महत्त्वाच्या संदेशांना एकेक कायम ओळखक्रमांक आहे, आणि त्या क्रमांकाखाली स्पष्टीकरण देणारी वेगळी सूची आहे. तिची फ्रेंच, पोलिश, रशियन अशी भाषांतरे आहेत. मूळ ओळ जशीच्या तशी ठेवून तिच्याखाली वाचकाच्या भाषेत भाष्य द्यावयाचे, ही ती पद्धत होय. शोधासाठी क्रमांक स्थिर राहतो आणि बोधासाठी भाषा स्वतःची राहते. मराठी अनुवादकांचे मर्यादित बळ बटणांच्या पर्यायी शब्दांवर खर्च करण्यापेक्षा अशा भाष्यावर प्रथम लावणे अधिक श्रेयस्कर ठरेल. ‘सेटिंग’ला कोणता शब्द योजावा हा वाद वर्षानुवर्षे चालला तरी कोणाचे यंत्र बंद पडत नाही, ‘उपकरणाची प्रतीक्षा संपली’ याचा अर्थ आणि त्यापुढे काय पाहावे हे मराठीत सांगितलेले नसेल तर मात्र प्रयोगशाळेतील विद्यार्थी पडद्यासमोर निरुपाय बसून राहतो. सूत्र परभाषेत असताना भाष्य लोकभाषेत लिहिण्याची परंपरा मराठीच्या आरंभापासून चालत आलेली आहे. तिचाच हा नवा प्रांत आहे असे समजून मराठीच्या अभ्यासकांनी त्यात लक्ष घालावयास हवे.