साठ लाखांतले सहा

'साठ लाख' हा आकडा मी वर्गात फळ्यावर लिहितो. विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात आणि पान उलटतात. डॅनियल मेंडेलसन यांचा 'द लॉस्ट' (२००६) हा ग्रंथ ही सवयच अडवतो. हिटलरशाहीने मारलेल्या साठ लाख ज्यूंपैकी फक्त सहांचे काय झाले, एवढाच त्याचा प्रश्न. लेखकाच्या आजोबांचा भाऊ श्मील, त्याची बायको आणि चार मुली. गाव बोलेखूव, तेव्हा पोलंडमध्ये, आज युक्रेनमध्ये. तिथल्या हजारो ज्यूंपैकी युद्धानंतर उरले अवघे ४८.

त्यांच्यातल्या हयात म्हाताऱ्यांना गाठण्यासाठी लेखक ऑस्ट्रेलिया, इस्रायल, स्वीडन, डेन्मार्क असा हिंडतो. हाती काय लागते? श्मीलला कमी ऐकू येई, असले काहीतरी. पण तेवढ्याने श्मील हुतात्म्याचा पुतळा राहत नाही, माणूस होतो. ते 'कॅसल'मध्ये, म्हणजे किल्ल्यात लपले होते, असे लेखक लहानपणी ऐकून होता. पुढे उलगडते की आजोबांचा शब्द यिडिश होता: 'केस्ट्ल', पेटी. ऐकणाऱ्याच्या इंग्रजीने पेटीचा किल्ला केला! श्मील आणि त्याची मुलगी फ्रिडका एका शिक्षिकेच्या घरात जमिनीखालच्या पेटीवजा जागेत लपली होती. कुणीतरी चुगली केली आणि तिथेच त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. ग्रंथातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

मतभेद पुढे आहे. १९३९ साली श्मीलने अमेरिकेतल्या भावंडांना मदतीसाठी काकुळतीची पत्रे लिहिली. आजोबा १९८० मध्ये वारले, तेव्हा ती त्यांच्या पाकिटात सापडली. (माझे आजोबा अंगठा उठवीत. त्यांच्या पाठीमागे असा शोध घ्यायचा म्हटले तर हाताशी एक ओळ नाही.) भावंडांनी पुरेसे केले का, हा सल लेखक काइन-हाबेलच्या कथेला नेऊन भिडवतो, बायबलच्या उत्पत्तीवरील भाष्य पानेच्या पाने चालते. मला हे खटकते. पोलंडात सुमारे ३३ लाख ज्यू राहत होते, आणि श्मील पत्रे लिहीत होता तेव्हा अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याने साऱ्या पोलंडसाठी वर्षाला ६,५२४ जागा ठेवल्या होत्या. दार कायद्याने लावलेले होते. सत्तेचा गुन्हा असा भावाभावांच्या अपराधभावनेत विरघळू दिला, तर सत्ता अलगद सुटते. लेखकाला हे कळत नाही असे नव्हे; त्याची पाने मात्र भावांवरच अधिक खर्च होतात.

अखेरीस तो त्या घरामागच्या बागेत, सफरचंदाच्या जुन्या झाडाशी येऊन उभा राहतो. ती पाने मी पुढच्या सत्रात वर्गात वाचून दाखवणार आहे, फळ्यावर आकडा लिहिण्यापूर्वी.